सुट्टीसाठी भाड्याने देत असलेल्या घरात पाहुण्यांसाठी कोणतं घरगुती सामान ठेवावं?

पहिल्या रात्री दुकान न शोधता पाहुण्यांची अंघोळ, झोप आणि सकाळचा चहा व्हावा, एवढं सामान ठेवाच, बाकीचं ऐच्छिक. एअरबीएनबी या सुट्टीसाठी घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या संकेतस्थळाच्या ‘अत्यावश्यक’ यादीतही टॉयलेट पेपर, हातासाठी व अंगासाठी साबण, माणशी एक टॉवेल, माणशी एक उशी आणि प्रत्येक पलंगाला चादरी एवढंच येतं. त्यापुढे काय ठेवायचं हे ठरवताना माझी कसोटी सोपी आहे: लागतं चमचाभर, पण विकत घ्यावं लागतं पाकीटभर, अशी वस्तू यजमानाने द्यावी. मीठ, साखर, थोडं तेल, भांडी घासायचा साबण व घासणी, कचऱ्याच्या पिशव्या, आणि वॉशिंग मशीन असेल तर कपड्यांची पावडर. दोन दिवसांसाठी कोणी लिटरभर तेल घेत नाही. टूथब्रश, कंगवा लोक आपापले आणतात. त्यावर खर्च नको. चादरी-टॉवेलचे मात्र तीन संच हवेत: एक वापरात, एक धुण्यात, एक कपाटात. मेकअप पुसायला गडद रंगाचा छोटा रुमाल ठेवा, पांढरे टॉवेल वाचतात (हे बहुतेकांना दोन-चार टॉवेल गेल्यावरच सुचतं!). साबण-शाम्पू भिंतीवरच्या पंपाच्या बाटल्यांत दिला तर अर्धवट वड्या फेकाव्या लागत नाहीत. अर्थात, मुक्काम आठवड्याहून मोठा असेल तर सगळं पुरवणं परवडत नाही. तेव्हा सुरुवातीपुरतंच द्या आणि तसं जाहिरातीतच स्पष्ट लिहा.