नव्या डिझाइनचा मीटरमागे खर्च कसा काढायचा? (धुळे, पॉवरलूम)

तुम्ही विचारलंय, डॉबीवर (मागावर छोटी नक्षी विणणारं यंत्र) नवं डिझाइन घेतलं तर मीटरला खर्च किती धरायचा. सुरुवात सुतापासून करा, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो.

सुती धाग्याचं सूत्र सोपं आहे: धाग्याची एकूण लांबी मीटरमध्ये, गुणिले ०.५९, भागिले नंबर (सुताची बारीकी; नंबर मोठा तितकं सूत बारीक), म्हणजे वजन ग्रॅममध्ये. समजा ताण्यात (उभ्या धाग्यांत) २४०० तार, ४० नंबर. एका मीटरला २४०० × ०.५९ ÷ ४० = ३५.४ ग्रॅम. बाण्याला (आडव्या धाग्याला) तेच ४० नंबरचं सूत, इंचाला ६० पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) म्हणजे मीटरला सुमारे २३६२. फणीतली (ताण्याचे धागे ज्यातून जातात त्या मागावरच्या कंगव्यातली) रुंदी १.२ मीटर असेल तर जवळपास ४२ ग्रॅम. इथे कापडाची रुंदी धरू नका. मागावरून उतरल्यावर कापड आकसतं. धाग्याचा बाक (विणताना तो वर-खाली वळतो) आणि वाया जाणारं सूत यासाठी ७-८ टक्के वाढवा. एकूण ८३ ग्रॅम. सूत ३०० रुपये किलो धरलं तर २५ रुपये.

त्यात वार्पिंग (ताणा गुंडाळणं), सायझिंग (ताण्याला खळ लावणं) आणि विणाईची मजुरी मिळवा. मजुरी पिकावर ठरते: पिकाला १५ पैसे धरले तर ६० पिकांना ९ रुपये. वीज, जागा, दुरुस्ती वेगळी.

आता डिझाइन. नमुना, भरणी (ताण्याचे धागे मागात ओवणं), रंग जुळवणं यावर ६००० गेले आणि माल ३०० मीटरच निघाला, तर मीटरला २० रुपये बसतात. ३००० मीटरला फक्त २. म्हणून व्यापाऱ्याला भाव सांगण्याआधी किती मीटर उचलणार ते पक्कं करून घ्या, भाऊ.