पटकथांमध्ये तीच ती खोटी कंपनी पुन्हा पुन्हा आणावी का?

तुम्ही विचारलंय, प्रत्येक कथेत एकच बनावट कंपनी आणली तर प्रेक्षकाला ते कळतं का, की तो नुसता लेखकाचा लाड? हा ‘लाड’ शब्द मला लागला. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका चहाच्या टपरीवर मी तो ऐकलेला आहे.

माझ्या पहिल्या एकांकिकेत मे महिन्यातलं नागपूरचं घर होतं, म्हणजे रंगमंचावर पत्र्याचा कूलर आलाच. भाड्याने आणलेल्या कूलरवर खऱ्या दुकानाचं नाव नको म्हणून मी पुठ्ठ्याचा स्टेन्सिल कापला आणि निळ्या रंगात ‘थंडोबा’ छापलं. दुसऱ्या प्रवेशात तो कूलर बंद पडतो आणि घरघर थांबल्यावर बाप-लेकाला एकमेकांचं बोलणं नीट ऐकू येतं. पुढच्या एकांकिकेत थंडोबाची थकलेली उधारी आली. मग एका लघुपटात लग्नाच्या मांडवात चार थंडोबा ओळीने उभे राहिले.

एका प्रयोगानंतर सायंटिफिक सभागृहात एक काका विंगेत आले. म्हणाले, “आमच्या घरी थंडोबाच होता जी. बारा वर्षं चालला, फक्त ताट्या बदलल्या.” मी त्यांना खरं सांगितलं नाही. आनंदाने त्या रात्री झोप लागली नाही.

माझा सहलेखक तेव्हा शेजारीच उभा होता. तरी वेबमालिकेच्या पहिल्या भागातून त्याने थंडोबा खोडला आणि प्रायोजकाचं नाव घातलं. धरमपेठेतल्या त्या टपरीवर म्हणाला, “लोकांना काय घेणं तुझ्या लाडाशी?” अरे, काकांना त्यात काही गंमत आहे हेही ठाऊक नव्हतं! त्यांच्यासाठी तो कूलर होता.

हॉलिवूडमध्येही असंच चालतं. विमान पडताना दाखवायचं तर कुठली खरी विमान कंपनी नाव देईल? म्हणून ओशनिक एअरलाइन्स. 1996 च्या ‘एक्झिक्युटिव्ह डिसिजन’मध्ये तिचं विमान पळवलं जातं आणि 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘लॉस्ट’मध्ये बेटावर कोसळतं. ज्याने पहिला सिनेमा पाहिला नाही त्याचं काहीच अडत नाही. कार्टूनमध्ये 1949 पासून रोडरनर पक्ष्याच्या मागे लागलेला कोल्ह्यासारखा कायोटी ॲक्मी नावाच्या अशाच खोट्या कंपनीचा माल वापरतो. तो माल दगा देतो म्हणूनच गोष्ट पुढे सरकते. पिक्सारने ‘वॉल-ई’मध्ये (2008) पृथ्वीचा उकिरडा करणारी ‘बाय एन लार्ज’ कंपनी दोन वर्षांनी ‘टॉय स्टोरी 3’मध्ये बझ या खेळण्याच्या बॅटरीवर टाकली. पडद्यावर क्षणभर दिसते, कुणी तिच्याबद्दल बोलत नाही.

तेव्हा बिनधास्त आणा. नाव त्या गावात खपेल असं हवं आणि त्या वस्तूला त्या प्रसंगात काम हवं. ओळखणारे ओळखतील. लाड म्हणणाऱ्याला विचारा, प्रायोजकाचं नाव प्रसंगात कोणतं काम करतंय?

हो, एक राहिलं. नाव रंगवण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोधून बघा. मी ते पहिल्यांदा केलं नव्हतं.

आणि सहलेखकाचं एक खरं होतं. वेबमालिकेत मी एका पात्राच्या तोंडी “थंडोबा म्हणजे थंडोबाच!” असं वाक्य घातलं होतं. ते त्याने काढलं ते बरोबर. कूलर काढायला नको होता.