कम्युनिटी कॉलेजात पब्लिक हिस्टरी शिकावी का?

प्रश्न असा आहे: "मी ३६ वर्षांची, नाशिकची बी.कॉम. सध्या एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहते. इतिहासाची आवड आहे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात पब्लिक हिस्टरीचा वर्ग दिसला. हे नक्की काय असतं? करावं का? नोकरी लागते का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तुमच्या घरातही तोच आधी विचारला जाणार. नुसत्या कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजच्या, जोरावर या क्षेत्रात पूर्ण वेळेची नोकरी बहुतेक लागत नाही. मला लागली नाही. मी आठवड्याला १५ तास एका छोट्या स्थानिक संग्रहालयात काम करते आणि त्या पैशात महिन्याचा किराणासुद्धा निघत नाही. तरी तुम्हाला सांगेन, करा. का ते सांगते, पण जरा लांबण लागेल.

मी मूळची वाईची. बँकेत ११ वर्षं काढली, मग नवऱ्याबरोबर इकडे आले आणि चाळिशीनंतर साउथ बेमधल्या एका कॉलेजात नाव घातलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे आम्हाला शिकवणाऱ्या बाईंबद्दल लिहिणार आहे आणि त्या लगेच ओळखू येतील.

पब्लिक हिस्टरीला मराठीत काय म्हणावं हा प्रश्नच आहे. 'लोकइतिहास' म्हटलं तर लोकांचा इतिहास असा भलताच अर्थ निघतो. काम साधं आहे: वर्गाच्या आणि पुस्तकाच्या बाहेर, ज्याने इतिहासाचा पेपर कधी दिला नाही अशा माणसापुढे इतिहास मांडायचा. संग्रहालयातली पाटी, जुन्या इमारतीची नोंद, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, घरोघरचे कागद आणि फोटो सांभाळणं, शाळेच्या सहलीला फिरवून आणणं, हे सगळं त्यात आलं. हा शब्द चालू झाला तोच नोकऱ्यांच्या टंचाईतून. १९७० च्या दशकात अमेरिकेत इतिहासात पीएच.डी. झालेल्यांना प्राध्यापकी मिळेना, तेव्हा १९७६ मध्ये सांता बार्बराच्या विद्यापीठात रॉबर्ट केली यांनी या नावाने अभ्यासक्रम उभा केला. नोकरीचं रडगाणं विषयाच्या जन्मापासूनच आहे म्हणा ना.

आपल्याकडे शब्द नव्हता, काम होतं. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं खाली उतरवत होते, आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये आला. आमच्या वाईतही ते कागद शोधत आले होते. लहानपणी हे इतक्यांदा ऐकलं होतं की कान किटले होते. त्याच वाईत आमच्या शेजारच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा दोन पोती मोडीतले कागद रद्दीवाल्याच्या हातगाडीवर गेले. मी दारात उभी राहून बघत होते, आणि आपण काही म्हणावं असं मला सुचलंही नाही.

आता वर्गात काय करतात ते. पहिल्या सत्रात मी हौसेने विष्णू गणेश पिंगळ्यांवर निबंध लिहिला. तळेगाव ढमढेरे ते अमेरिका, तिथल्या हिंदी लोकांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेली गदर चळवळ, मग परत हिंदुस्थानात, आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी. १६ पानं, खाली तळटीपा. बाईंनी वाचला, "छान आहे" म्हणाल्या आणि विचारलं, "हे वाचणारा माणूस कुठे उभा असेल?"

मला प्रश्नच कळला नाही. वाचणारा बसलेला असतो, उभा कशाला राहील? त्यांनी मला सॅन फ्रान्सिस्कोला वूड स्ट्रीटवरच्या गदर स्मारकाशी जाऊन यायला सांगितलं. तिथे फुटपाथवर उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून वाचावी अशी ७५ शब्दांची पाटी लिहायची. मी गेले. आताची इमारत १९७० च्या दशकातली. म्हणजे पिंगळे या दारातून आत गेले असं लिहायचा मोह मोडायलाच हवा. मग तो माणूस या जागेशी जोडायचा कसा? ७५ शब्दांत तळेगाव ढमढेरे बसवायचं की नाही? 'गदर' म्हणजे काय ते सांगण्यातच १० शब्द जातात. माझ्या नऊ आवृत्त्या झाल्या. १६ पानांना दोन रविवार लागले होते, या ७५ शब्दांनी तीन आठवडे खाल्ले. शेवटी तळेगाव राहिलं आणि सगळी विशेषणं गेली.

सगळा विषय त्या एका प्रश्नात आहे असं मला अजून वाटतं. वर्गात कुठलंही प्रकरण आलं की आम्ही तिथेच परत यायचो. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं एंजल आयलंड हे बेट घ्या. १९१० ते १९४० या काळात आशियातून येणाऱ्यांना तिथे अडकवून ठेवत. कोठड्यांच्या लाकडी भिंतींवर चिनी लोकांनी कविता कोरल्या होत्या. इमारत पाडायची ठरली होती. १९७० मध्ये तिथल्या एका रेंजरला त्या कविता दिसल्या आणि पुढे लोकांनी लावून धरल्यामुळे ती इमारत वाचली. त्याच बेटावर १९१५ मध्ये पेशावरहून आलेले वैष्णोदास बगाई, त्यांची बायको काला आणि तीन मुलं उतरली. वैष्णोदासांना नागरिकत्व मिळालं. १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यात हिंदी माणसाला अमेरिकन नागरिक होता येत नाही असं कोर्टाने ठरवलं, त्यानंतर ते काढून घेतलं, आणि १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. बर्कलीत याच कुटुंबाला विकत घेतलेल्या घरात शेजाऱ्यांनी शिरू दिलं नव्हतं. आज त्याच बर्कलीत डाउनटाउनला शॅटक रस्त्याच्या एका तुकड्याचं नाव काला बगाई वे आहे. पाटी बघायला जा. लोक तिच्याखाली बसची वाट बघत मोबाइल खाजवत उभे असतात. त्यांच्यासाठी लिहायचं असतं.

किंवा सॅन होजेचं चायनाटाउन. ४ मे १८८७ ला ते जाळलं गेलं. शंभर एक वर्षांनी त्या जागी नवं बांधकाम निघालं तेव्हा खाली वाट्या, बाटल्या, फाशे, हाडं असं घरगुती सामान सापडलं, आणि ते खोक्यांत भरून वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिलं. २००२ पासून स्टॅनफर्डच्या लोकांनी ती खोकी उघडून नोंदी करायला घेतल्या. शहराने माफी मागितली ती २०२१ मध्ये. आमच्या वर्गात एक निवृत्त प्लंबर होते. ते म्हणाले, "मी त्या भागात पाइप टाकलेत. बशांचे तुकडे निघायचे, आम्ही फेकून द्यायचो." सगळे गप्प झाले. मला ती हातगाडी आठवली.

असे सहाध्यायी हीच कम्युनिटी कॉलेजची खरी कमाई. मोठ्या विद्यापीठात सगळे विशीतले असतात. इथे माझ्या एका बाजूला १९ वर्षांचा मेक्सिकन मुलगा, दुसऱ्या बाजूला ७० वर्षांची नर्स.

दुसऱ्या सत्रात मुलाखती. तुम्ही सनीव्हेलला आहात म्हणून हा भाग जरा सावकाश सांगते. तुमच्या गावात फ्रूट कॉकटेलच्या डब्यासारखी रंगवलेली पाण्याची टाकी आहे, बघितली असेल. ती लिबीच्या कॅनरीची, म्हणजे फळं डबाबंद करायच्या कारखान्याची. कॅनरी गेली, टाकी राहिली. आज जिथे ऑफिसं आहेत तिथे सगळ्या खोऱ्यात जर्दाळू, प्रून आणि चेरीच्या बागा होत्या. कम्युनिटी सेंटरच्या बाजूला शहराने साधारण १० एकरांची ब्लेनहाइम जर्दाळूची बाग अजून राखली आहे आणि तिला लागूनच शहराचं हेरिटेज म्युझियम आहे.

माझ्या वाट्याला ८० च्या पुढच्या एक आजी आल्या. लहानपणी सुट्टीत त्या कटिंग शेडमध्ये जर्दाळू कापायच्या. मला वाटलं होतं आठवणी वगैरे सांगतील. त्यांनी टेबलावरचा बटर लावायचा सुरा उचलला आणि हवेतच कापून दाखवलं: फळाच्या शिवणीवरून गोल सुरी फिरवायची, अंगठ्याने दोन वाट्या उघडायच्या, बी उडवायची आणि वाट्या उताण्या ट्रेवर लावायच्या. पालथी वाटी लागली तर मुकादमीण ओरडायची, कारण आतला रस सांडून जातो. खोकं भरलं की कार्डाला भोक पाडायचे, आणि आठवड्याने भोकं मोजून पैसे. ट्रे गंधकाच्या धुरीत ठेवायचे, मग उन्हात. आपल्या डब्यातलं जर्दाळू काळपट असतं आणि इथलं केशरी का, हे मला त्या दिवशी कळलं. गंधक!

धुरीचा वास कसा होता असं मी विचारलं. त्या थांबल्या. मी लगेच म्हटलं, "नाक झोंबत असेल ना?" त्या म्हणाल्या, "हो, हो." झालं. तो विषय तिथेच मेला.

बाईंनी माझं टंकलेखन परत दिलं तेव्हा त्यावर २३ लाल गोल होते. मी जिथे जिथे मध्ये बोलले होते ती प्रत्येक जागा. शेवटी लिहिलं होतं, "तीन सेकंद गप्प बसायला शिका." आपल्याकडे समोरच्याचं वाक्य आपण पूर्ण करून देतो आणि त्याला आपुलकी म्हणतो. ती सवय मोडायला मला वर्ष लागलं, आणि माझ्या सासूबाई म्हणतात की अजून मोडलेली नाही. दुसऱ्या खेपेला मी पुन्हा धुरीचं विचारलं आणि टेबलाखाली बोटं मोजत बसले. त्या म्हणाल्या, त्यांच्या आईच्या केसांना तो वास सप्टेंबरपर्यंत राहायचा.

तासाभराच्या मुलाखतीच्या टंकलेखनाला मला सहा तास लागतात. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगून ठेवते.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली ती तुम्ही करू नका. १९६८ साली इकडे आलेल्या एका मराठी काकांकडे मी दोन तास बसले. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने दारं उघडली त्यानंतरच्या पहिल्या लाटेतले ते. डाळ मिळायची नाही, गणपती शाडूचा घरीच करायचे, असं किती काय काय सांगितलं त्यांनी. ओळखीचेच म्हणून संमतीपत्रावर सही नंतर घेऊ म्हटलं. आठवड्याने मुलाचा फोन आला, घरच्या गोष्टी बाहेर नकोत. सही नाही म्हणजे वापरता येत नाही. सगळं पुसलं. आधी सही, मग चहा.

आता तुमच्यापुरतं. एच-४ वर शिकायला परवानगी आहे, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. कॅलिफोर्नियात येऊन एक वर्ष आणि एक दिवस झाला असेल आणि इथेच राहायचा इरादा कागदांवरून दाखवता येत असेल तर रहिवाशाची फी लागते: सेमिस्टरच्या कॉलेजात युनिटला ४६ डॉलर, क्वार्टरच्या कॉलेजात ३१. म्हणजे तीन युनिटचा वर्ग १३८ डॉलरला. रहिवासी ठरला नाहीत तर हीच फी कित्येक पटींनी वाढते, तेव्हा भाडेकरार, लायसन्स, टॅक्सचे कागद घेऊन ॲडमिशन्स ऑफिसात आधी जा. इंटर्नशिपचं मात्र जपून. काम करायची परवानगी नसेल तर 'बिनपगारी आहे, चालतंय' असं गृहीत धरू नका, वकिलाला विचारा. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या नोकऱ्यांना साधारणपणे अमेरिकन नागरिकत्व लागतं, त्यामुळे ते स्वप्न सध्या बाजूला ठेवा.

तुमच्याकडे पदवी आहे, म्हणून इथली दोन वर्षांची डिग्री पुरी करायच्या भरीला पडू नका. दोन-तीन वर्ग घेऊन बघा. रमलात तर पुढे एम.ए., सॅक्रामेंटो स्टेटला याच विषयाचं आहे. खऱ्या नोकऱ्या त्यानंतरच्या, आणि त्यातल्या पुष्कळ संग्रहालयांत नसतात. रस्ता किंवा इमारत बांधण्याआधी तिथे जुनं काही आहे का हे तपासणं कायद्याने लागतं, तो अहवाल लिहिणाऱ्या कंपन्यांत असतात. तुमचं बी.कॉम. तिथे वाया जात नाही. जुन्या जमाखर्चाच्या वह्या वाचता येणारी माणसं वर्गात माझ्याशिवाय कुणीच नव्हती, आणि मी त्या बँकेमुळे वाचू शकले.

आणि वर्गाच्या यादीत 'पब्लिक हिस्टरी' हे नाव दिसलं नाही तर घाबरू नका, कॅलिफोर्नियाचा इतिहास, ओरल हिस्टरी, म्युझियम स्टडीज अशा नावांखाली शोधा. क्युपर्टिनोला डी अँझा कॉलेजच्या आवारात ल पती त्रियानों नावाचा जुना बंगला आहे, त्यात कॅलिफोर्निया हिस्टरी सेंटर आहे. नाव घालायच्या आधी एक चक्कर मारून या.

रेकॉर्डर वेगळा घ्या, फोनवर भिस्त ठेवू नका. माझी अगदी पहिली मुलाखत ४० व्या मिनिटाला संपली, कारण नवऱ्याचा फोन आला: येताना कोथिंबीर आण.