एम्युलेटरवर पळतो, घरच्या डब्यावर कोसळतो: येळवशीच्या गेमवाल्या मित्राला उत्तर

औशाच्या मित्रा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणतोस, म्हणून सरळ अरे-तुरे करतो. राग मानू नकोस.

तुझी पोस्ट वाचून हसू पण आलं आणि जुनं दुखणं पण उठलं. येळवशीवर, आपल्याकडच्या मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतातल्या सणावर, गेम केलास, पोरगं डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन बांधाबांधानं शेताकडं निघालंय आणि कुत्री आडवी येतायत, ही कल्पनाच लई भारी आहे. एम्युलेटरवर (संगणकावर डब्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) सुरळीत चालतो. मित्राची फ्लॅश कॅसेट (गेमची फाइल भरून खऱ्या डब्यावर चालवायची कॅसेट) उसनी आणून मामाच्या जुन्या टीव्ही गेमवर, म्हणजे निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल असलेल्या डब्यावर, लावली, तर कधी पडद्यावर नुसता कचरा, कधी चालतो पण सुस्त, गाणं रेंगाळतं. परदेशातल्या एकानं रिव्ह्यूत ‘चित्रं लुकलुकतात, काम अर्धवट’ एवढंच लिहून वाटेला लावलं. आणि स्वतःची फ्लॅश कॅसेट मागवलीस, ती आठवड्यांपासून ‘क्लिअरन्स पेंडिंग’ आहे. हे सगळं माझ्याबरोबर जवळपास याच क्रमानं झालंय, म्हणून लांबलचक लिहितोय.

सीसी६५ (या डब्यासाठीचा कंपायलर) कसं बसवायचं, टाइल (चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे) कशा काढायच्या हे सांगत बसत नाही. इथवर आलास म्हणजे ते येतंच.

आधी पार्सल, कारण माझं खरं नुकसान तिथं झालं. कस्टमच्या कार्यालयाचं नाव घेणार नाही, घेऊन उपयोगही नाही. मी कॅसेटचे कोरे बोर्ड आणि काही चिपा मागवल्या होत्या. पाठवणाऱ्यानं भल्यासाठी म्हणून वेष्टनावर ‘टॉय’ लिहिलं. त्याला वाटलं, खेळणं म्हटलं की लवकर सुटेल. आपल्याकडं नेमकं उलटं आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र बंधनकारक आहे. झालं, ‘टॉय’ शब्द बघितला आणि टेबलावरच्या साहेबांनी प्रमाणपत्र मागितलं. मी सांगतोय, साहेब, हे खेळणं नाही, कोरा सर्किट बोर्ड आहे, याला बटण नाही, चाक नाही, लहान लेकरू खेळूच शकत नाही. कस्टमच्या यादीत खेळणी ९५०३ मध्ये येतात, व्हिडिओ गेम ९५०४ मध्ये, आणि हा तर दोन्हीतला नाही, हे छापील कागद दाखवून सांगितलं. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली, कोरी होती, परत दिला. ‘पाठवणाऱ्यानं टॉय लिहिलंय ना? मग टॉय.’

मग उद्देशपत्र आणा. आणलं. मग त्यावर कंपनीचा शिक्का नाही. कंपनीच नाही, शिक्का कुठून आणू? मग वैयक्तिक वापर असेल तर एवढे नग कशाला? मेल टाकला की ‘आपला मेल मिळाला’ असं यंत्राचं उत्तर. फोन वाजून वाजून बंद. नांदेडहून देवगिरीनं रात्रभर बसून मुंबईला जायचं आणि खिडकीवर कळायचं की संबंधित माणूस आज रजेवर. आणि हे चालू असताना साठवणुकीचं भाडं रोज चढतंय, हे मला कुणी सांगितलं नाही. ते शेवटच्या पावतीवर दिसलं. शेवटी पार्सल आलं तसं परत गेलं. पैसे तर गेलेच, पण ज्या पावसाळ्यात हाताला काम कमी असतं आणि गेम पुरा करायचा होता, तो सगळा त्यात गेला. अजून चिडतो मी. असो.

त्यामुळं तुला एवढंच सांगतो (मी काही कस्टमचा एजंट नाही, नियम बदलतात, जाणकाराला विचारून घे): पाठवणाऱ्याला आजच मेल कर आणि खरं, सविस्तर वर्णन असलेलं बिल मागून घे. वस्तू काय, कशाची, किती नग, किंमत किती. ‘टॉय’ नको, ‘गिफ्ट’ नको, किंमत कमी दाखवणं तर अजिबात नको. केवायसीचे कागद मागितले असतील तर ते त्यांच्या पोर्टलवरच चढव, मेलनं पाठवलेले कुणी उघडत नाही. साठवणुकीचं भाडं कधीपासून लागतं ते लेखी विचार. आणि ऑर्डर ६० पिनांची आहे ना, हे परत बघ. आपल्याकडच्या डब्यांना फॅमिकॉमसारखी ६० पिनांची कॅसेट लागते, अमेरिकेतल्या नेसची (फॅमिकॉमच्याच तिकडच्या आवृत्तीची) ७२ पिनांची असते. पार्सल सुटलं आणि कॅसेट खाचेतच बसेना असं होऊ नये.

माझं मत विचारशील तर पार्सलवर डोळे लावून बसूच नकोस. तुझा गेम एनरॉमचा, म्हणजे सगळ्यात साध्या कॅसेट-बोर्डाचा आहे, ३२ केबी प्रोग्रॅम आणि ८ केबी चित्रं. हा गेम जुन्या कॅसेटवर घरी बसवता येतो. लातूरला गंजगोलाईच्या आसपास किंवा कुठल्याही जुन्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं विचार, पोत्यात कॅसेटी पडलेल्या असतात. स्क्रू काढून उघडून बघूनच घे. बहुतेकांत नुसता काळ्या डांबरासारखा ठिपका असतो, त्याच्याखाली चिप गाडलेली. त्या बिनकामाच्या. दोन्ही बाजूंना पाय असलेल्या दोन सुट्या काळ्या चिपा दिसल्या, की ती तुझी. त्या उपसायच्या आणि जागी ईप्रॉम (आपल्याला भरता येणाऱ्या चिपा) बसवायच्या: प्रोग्रॅमला २७सी२५६, चित्रांना २७सी६४. बसवण्याआधी डेटाशीट समोर ठेवून प्रत्येक पाय मीटरनं तपास, जुन्या बोर्डांवर एखाद-दुसरा पाय वेगळीकडं गेलेला असतो.

इथं दोन गोष्टी बारकाईनं बघ. पहिली, तुझी फाइल ४०,९७६ बाइटची असणार. त्यातले पहिले १६ बाइट हे हेडर, ते एम्युलेटरसाठी असतं, चिपवर जात नाही. ते काढून पुढचे ३२,७६८ बाइट एका चिपवर, शेवटचे ८,१९२ दुसरीवर. हेडरसकट चिपवर जाळलंस (भरलंस) तर सगळं १६ घरं सरकतं आणि डबा नुसता करडा पडदा दाखवतो. दुसरी, पडदा आडवा सरकणार की उभा, हे एम्युलेटर हेडरमधून वाचतो. खऱ्या बोर्डावर ते सोल्डरच्या एका थेंबावर ठरतं. ‘एच’ आणि ‘व्ही’ असे दोन तुटके ठिपके असतात, त्यातला एक जोडलेला. तुझं पोरगं डावीकडून उजवीकडं चालतं, तर तुला व्हर्टिकल मिररिंग (शेजारी-शेजारी दोन पडदे) लागणार. नाव उलटं वाटतं, पण तसंच आहे. स्वस्त बोर्डांवर ठिपके नसतात, रेष थेट छापलेली असते. मग ती ब्लेडनं तोडून बारीक तार मारायची.

आता पडद्यावरचा कचरा. कधी येतो, कधी नाही, म्हणजे माझ्या अंदाजानं तू रॅम सुरुवातीला पुसत नाहीयेस. डब्यात २ केबी रॅम असते आणि चालू केल्यावर तिच्यात काय असेल याचा भरवसा नाही. एम्युलेटर ती ठरावीक आकड्यांनी भरून देतो म्हणून तिथं सगळं गोड. फ्लॅश कॅसेटवर तर तिच्या मेनूचं उष्टं रॅममध्ये उरलेलं असतं. मेसेन या एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये सुरुवातीची रॅम ‘रँडम’ करायची सोय आहे, ती लाव आणि परत परत चालू-बंद करून बघ. कचरा तिथंच दिसायला लागेल. तसंच सुरुवातीला पीपीयू (चित्र काढणारी चिप) तयार व्हायला दोन व्हीब्लँक (दोन फ्रेमच्या मधली, पडदा रंगवला जात नाही ती सुटी) थांबायचं असतं. तयार सुरुवातीचा कोड वापरला असशील तर ते त्यात असतं. स्वतः लिहिला असशील तर तपास.

सुस्तपणाचं कारण वेगळं, आणि इथं बरेच जण फसतात. तू गेम एनटीएससीवर (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत), सेकंदाला ६० फ्रेम धरून बेतलास. मामाचा डबा ५० वर चालतो. मग लोक काय करतात, एम्युलेटरला ‘पाल’वर (युरोपातली ५० फ्रेमची पद्धत) ठेवून दुरुस्त करतात. चुकीचं आहे. आपल्याकडचे टीव्ही गेम हे निन्टेंडोच्या युरोपातल्या नेसचे नाहीत, तैवान-चीनच्या चिपांवरचे नकली. माझ्या हाताखालून जेवढे गेले ते ‘डेंडी’ जातीचे. डेंडी हा १९९२ पासून रशियात विकला गेलेला असाच नकली डबा, त्याच्यावरून एम्युलेटरमधल्या या पर्यायाला नाव पडलं. फरक कुठं पडतो बघ. युरोपातल्या नेसला चित्र बदलायला व्हीब्लँकमध्ये ७० ओळींचा वेळ मिळतो. डेंडीत एकूण ओळी तेवढ्याच ३१२, पण व्हीब्लँक सुरू झाल्याचा इशारा ५१ ओळी उशिरा येतो, म्हणून हातात एनटीएससीसारख्याच २० ओळी उरतात. म्हणजे प्रोसेसरचे साधारण २,२७० सायकल (ठोके), त्यातल्या पाचशेच्या वर स्प्राइट (हलणारी चित्रं) चढवण्यातच जातात. ‘पाल’वर तपासून त्या ७० ओळींत ऐसपैस टाइल लिहिल्यास, तर मामाच्या डब्यावर पडदा फाटणारच. मेसेन काय, एफसीईयूएक्स काय, दोन्हीत डेंडी आहे. तिथंच तपास.

गाण्याचंही तसंच. डेंडीचा प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर चालतो, एनटीएससीचा १.७९ वर, म्हणून सूर जवळपास जागेवर राहतो, फक्त लय रेंगाळते. उपाय सोपा: दर पाचव्या फ्रेमला गाण्याचं रूटीन एकदा जास्तीचं बोलव. पोराचा वेग अपूर्णांकात ठेवून ६/५ नं वाढव. डबा कुठला ते सुरुवातीलाच मोजून घ्यायचं, दोन व्हीब्लँकच्या मध्ये लूप किती फिरतो त्यावरून: एनटीएससीला फ्रेममागं सुमारे २९,७८१ सायकल, युरोपीय पालला ३३,२४८, डेंडीला ३५,४६४. घोळ होण्याइतकं जवळ काहीच नाही. तरी आवाज थोडा वेगळा, नाकातला वाटला तर घाबरू नकोस. बऱ्याच नकली चिपांत चौकोनी लहरीच्या दोन ड्यूटी (लहर किती वेळ वर राहते त्याची प्रमाणं) अदलाबदल झालेल्या असतात, ते तुझ्या हातात नाही.

रिव्ह्यूबद्दल. तो लुकलुकणं म्हणाला ते खरंच असणार. एका आडव्या ओळीत ८ च्या वर स्प्राइट दिसत नाहीत. पोरगं, मडकं, घोंगडं आणि तीन कुत्री एका बांधावर आली की संपलं. लुकलुकणं बंद होत नाही, वाटून द्यावं लागतं. दर फ्रेमला स्प्राइटांच्या यादीचा आरंभ बदल, म्हणजे एकच कुत्रं कायमचं गायब होणार नाही. मडकं आणि घोंगडं पोराच्याच टाइलमध्ये काढ, वेगळा स्प्राइट कशाला? २०१९ चा मायक्रो मेजेस बघ, तोही तुझ्यासारखाच ४० केबीत, चार जण एकदम खेळतात, तरी डोळ्याला त्रास नाही. त्यात कुठली गोष्ट स्प्राइट आहे आणि कुठली पार्श्वभूमी, हे मेसेनच्या पीपीयू व्ह्यूअरमध्ये उघडून बघ. एवढा अभ्यास कुठल्या कोर्सात मिळणार नाही.

पण त्या रिव्ह्यूवाल्याचंही मला पटलं नाही. कुठल्या डब्यावर खेळला, ५० वर की ६० वर, किती पुढं गेला, काहीच लिहिलेलं नाही. मीही अधूनमधून लोकांच्या नव्या गेमांवर लिहितो, तेव्हा हे पहिल्या ओळीत टाकतो आणि गुण देत नाही. दहापैकी सहा म्हणजे करणाऱ्यानं काय दुरुस्त करायचं? कुत्रं उडी मारायच्या आधी इशारा देत नाही, तिसऱ्या बांधावर परत सुरुवातीला फेकलं जातं, असं लिहिलं तर काही कामाचं. (हे माझं मत, पुष्कळांना गुण लागतातच.) तूही पाठवताना सोबत पानभर लिहून देत जा: मॅपर (कॅसेट-बोर्डाची जात) कुठला, मिररिंग कुठलं, कशावर तपासलाय, काय राहिलंय. नाहीतर तो पाच मिनिटं खेळणार आणि अर्धवट म्हणणार.

मराठी अक्षरांचं तू शेवटी एका ओळीत विचारलंस. पूर्ण देवनागरी फाँट बसवायच्या नादी लागू नकोस. ८ केबीत ५१२ टाइल, त्यातल्या निम्म्या पार्श्वभूमीला. वेलांट्या, मात्रा, जोडाक्षरं यांतच त्या संपतील. त्यापेक्षा गेममध्ये जेवढे शब्द लागतात तेवढे चित्र म्हणून काढ, १६ पिक्सेल उंच, आणि मग टाइल कापून सारख्या सारख्या एकत्र कर. शिरोरेषा सगळीकडं एकाच पिक्सेल ओळीवर ठेवलीस तर टाइलला टाइल आपोआप जुळते. मात्रेला वर तीन ओळी सोड, कमी पडल्या तर ‘मैल’ आणि ‘मेल’ सारखंच दिसतं.

गेम दुरुस्त झाला की फाइल पाठव. माझ्याकडं तीन-चार जातीचे डबे आहेत, लावून बघतो आणि जे दिसेल ते लिहितो. सुगीत उशीर होईल, तेवढं चालवून घे.

अजून एक, नाहीतर विसरेन. मामाच्या डब्याला दुकानातला कुठलाही अॅडॉप्टर लावू नकोस. मूळ फॅमिकॉमचा १० व्होल्टचा, मधलं टोक ऋण असलेला. नकली डब्यांत कुणाचा कसा, कुणाचा कसा. डब्याच्या पाठीमागचं चिन्ह आणि अॅडॉप्टरवरचं चिन्ह जुळतंय का बघ, शंका आली तर मीटर लाव. ध्रुव उलटा गेला की आतला ७८०५ (५ व्होल्ट करून देणारी चिप) जातो, आणि नशीब खराब असेल तर त्याच्या पुढचंही.