आधी डेक, केबिन सगळ्यात शेवटी

तुमची अडचण मला समजली ती अशी: ३२ फुटी, फायबरग्लासची, पन्नास वर्षं जुनी शिडाची बोट घेतली आहे. ती यार्डात स्टँडवर उभी आहे. तुम्ही दोघं तिच्यातच राहून सहा महिन्यांत काम उरकणार आहात, आणि सुरुवात म्हणून आतलं सगळं जुनं लाकूडकाम उखडून केबिन मोकळी करायचं ठरवलंय. हे बरोबर आहे का, असं विचारलंत. माझं उत्तर: केबिनला आत्ता हात लावू नका.

मी अशाच एका बोटीत जमिनीवर चौदा महिने काढले आणि सुरुवात नेमकी तुम्ही म्हणताय तशीच केली. उखडायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत काम झपाट्याने होतंय असं वाटत राहिलं. पाचव्या दिवशी पाठ टेकायला जागा नव्हती, आणि पाना शोधण्यातच अर्धी सकाळ जायला लागली. तरीही मी नव्या प्लायवूडचे दोन बंक, म्हणजे झोपायचे बाक, बनवले आणि त्यांना वॉर्निशचे पाच हात दिले. पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या रेलिंगच्या खांबाच्या बोल्टातून पाणी उतरलं आणि दोन्ही बंकांच्या कडा काळ्या पडल्या. ते बंक मी स्वतःच्या हाताने परत काढले. तेव्हापासून क्रम पक्का झाला: आधी पाणी बाहेर थोपवायचं, मग बोट तरंगत ठेवणारी कामं, मग डोलकाठी आणि शिडं, आणि आतलं घर सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट. आतलं सगळंच लाकूड म्हणजे फर्निचर नसतं. आडव्या भिंती, म्हणजे बल्कहेड, आणि बंकांचे तळ हे हलला, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाला, फायबरग्लासच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात आणि हल ताठ ठेवतात. बोट स्टँडवर असताना ते काढले तर हलचा आकार बदलू शकतो, आणि मग नवी भिंत जुन्या जागी बसत नाही. काढावंच लागलं तर एका वेळी एकच काढा, आणि जुना तुकडा कितीही सडका असला तरी नवा कापेपर्यंत टाकू नका. त्याच्याइतका चांगला साचा दुसरा मिळणार नाही.

आता डेक. त्या काळातल्या बऱ्याच फायबरग्लास बोटींचं डेक सँडविचसारखं असतं. वर-खाली फायबरग्लास, मध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड किंवा प्लायवूड. रेलिंगचे खांब, विंच (दोर ओढायची चरखी), क्लीट (दोर अडकवायची खुंटी) बसवायला या थरांतून आरपार भोकं पाडलेली असतात. सीलंट वाळून सुटला की पाणी बोल्टच्या कडेने मधल्या थरात शिरतं आणि त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. तपासायला यंत्र लागत नाही. स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि त्याच्या प्लास्टिकच्या मुठीने सगळं डेक वीत-वीत अंतरावर ठोकत जा. चांगल्या जागी टणक ‘टक’ ऐकू येतो, सडलेल्या जागी ‘भद’. आवाज बदलला की खडूने हद्द आखा.

माझ्या बोटीत डोलकाठीच्या उजव्या बाजूला, चेनप्लेटच्या (डोलकाठीचे ताण जिला बांधतात ती धातूची पट्टी) मागे, हातभर लांब पट्टा भद वाजला. कड शाबूत ठेवून वरचा थर कापून उचलला. आतला बाल्सा काळपट तपकिरी झाला होता, मुठीत दाबला तर चहाच्या चोथ्यासारखं पाणी सुटत होतं, आणि असा आंबूस वास की तो दोन दिवस हातांना होता. पटाशीने खरवडत गेले तेव्हा फिकट, कोरडं लाकूड लागलं ते माझ्या खुणेच्या पुढे चार बोटं. म्हणून सांगते, खडूची खूण ही फक्त सुरुवात समजा. रिकामी जागा पूर्ण वाळू द्या, इथे घाई केली तर ओल आतच कोंडते. मग नव्या बाल्साला सगळ्या बाजूंनी एपॉक्सी (दोन द्रव कालवले की कडक होणारी राळ) पाजून घट्ट एपॉक्सीत बसवा, वरून कापलेला थर परत चिकटवा, सांध्याच्या दोन्ही बाजू उतरत्या घासून त्यावर फायबरग्लास कापडाचे थर द्या. बोल्टची भोकं मोठी पाडून घट्ट एपॉक्सीने बुजवायची आणि त्या एपॉक्सीतच नवं भोक पाडायचं. मग पुढे कधी सीलंट सुटला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही.

खांब-क्लीट परत बसवताना मी ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, वापरते. भोकाचं तोंड थोडं खोलगट केलं की टेप बोल्टभोवती वळं धरते. सिलिकॉन डेकवर नको. त्याचा उरलेला थर निघता निघत नाही आणि त्यावर रंग धरत नाही. खिडक्या ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या असतील तर पॉलिसल्फाइड सीलंट त्यांना लावू नका, ते प्लास्टिक खातं.

एपॉक्सी थोडं-थोडं आणि पसरट भांड्यात कालवा. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर सोडतं. वाळल्यावर वर चिकट, मेणासारखा थर येतो. तो आधी पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मगच पॉलिश पेपर. हातमोज्यांशिवाय एकदाही नको. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही, आणि तुम्ही तर त्याच बोटीत झोपणार आहात.

आता राहण्याबद्दल, कारण अर्धवट सुटलेल्या बोटी मी पाहिल्या त्या बहुधा इथेच अडल्या. झोपायची एक जागा आजच वेगळी काढा. पुढची त्रिकोणी केबिन सोयीची, तिला दार असतं. दारावर आतून जाड प्लास्टिक लावा आणि नियम करा: अवजारं, कामाचे कपडे आणि बूट आत येणार नाहीत, अगदी एका रात्रीपुरतेही नाहीत. फायबरग्लासची धूळ अंथरुणात शिरली की ती धुऊनही जात नाही, रात्रभर अंग खाजतं, आणि आठवडाभर झोप नसलेला माणूस चुकीच्या जागी भोक पाडतो. तेवढी एक कोरडी, स्वच्छ जागा असेल तर बाकीची बोट कितीही उघडी असली तरी निभावतं.

तळाचा जुना रंग कोरडा घासू नका. ट्रायब्युटिलटिन (तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून रंगात घालत ते विषारी रसायन) असलेल्या रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. तुमची बोट त्याआधीची, त्यामुळे खालच्या थरांत ते विष असू शकतं. पाणी मारून घासा, खाली ताडपत्री अंथरून गाळ गोळा करा, बारीक धूळ अडवणारा पी३ दर्जाचा मास्क घाला. यार्डाचे नियम आधी विचारा. तळावर दोन-चार फोड दिसले म्हणून घाबरू नका. त्यांतून व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी येतं, तरी तेवढ्याने बोट बुडत नाही. ओलं डेक त्याहून तातडीचं आहे.

सीकॉक, म्हणजे हलमधल्या पाण्याच्या भोकांवरचे झडप-नळ, मात्र बोट जमिनीवर असतानाच उघडून बघा. त्यांचं पितळ चाकूने खरवडा. पिवळं निघालं तर ठीक, गुलाबी निघालं तर त्यातलं जस्त गेलंय आणि तो सीकॉक एखाद्या धक्क्याने तुटेल. तिथे ब्राँझचा किंवा डीझेडआरचा, म्हणजे जस्त न सोडणाऱ्या पितळेचा, बसवा. प्रत्येकाशेजारी त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. चेनप्लेटही एक तरी पूर्ण बाहेर काढून पाहा. स्टेनलेस स्टीलला हवा लागते. डेकच्या आत दडलेल्या, ओल धरून बसलेल्या भागातच त्याला तडे जातात, बाहेरून ते चकचकीत दिसतं. इंजिन सध्या राहू द्या. मात्र समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं असेल तर पाण्याची सोय केल्याशिवाय सुरू करू नका, पंपातला रबरी पंखा, म्हणजे इंपेलर, लगेच जळतो.

स्टँडबद्दल हात जोडून सांगते. बोटीचं वजन कीलवर, म्हणजे तळाच्या जड कण्यावर, असतं, स्टँड तिला फक्त उभं धरतात. समोरासमोरचे स्टँड कीलखालून साखळीने जोडलेले आहेत का ते आजच बघा. रंगासाठी एखादा स्टँड हलवायचा असेल तर तो यार्डाच्या माणसालाच हलवू द्या. आणि ताडपत्रीची दोरी स्टँडला कधीही बांधू नका. आमच्या यार्डात एका वादळी रात्री शेजारच्या बोटीची ताडपत्री शिडासारखी फुगली आणि एक स्टँड जागेवरून ओढला गेला. आम्ही चौघं जण पावसात फळ्या आणि ओंडके लावत होतो. बोट वाचली, पण आत दोन माणसं झोपलेली होती.

शिडी वरून रेलिंगला पक्की बांधा. शौचालय यार्डाचंच वापरा. सिंकचं पाणी बादलीत घ्या, नाहीतर ते हलवरून ओघळून तुमच्याच ताज्या रंगावर येतं. यार्डातून बोटीत घेतलेल्या विजेला अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळली की ती तोडणारा स्विच) हवाच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत, साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटतात. पाण्याने भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका.

सहा महिने पुरतील का याचं उत्तर डेकमध्ये आहे. या आठवड्यात पुढची केबिन प्लास्टिकने बंद करा आणि खडू घेऊन डेक ठोकून काढा. खुणा खांब-क्लीटांभोवती तळहाताएवढ्या असतील तर सहा महिन्यांत डेक आणि सीकॉक होऊन बोट पाण्यात उतरू शकते, आतलं काम तरंगताना होईल. डेकचा अर्धा भाग भद वाजला तर यार्डाशी वर्षभराचं बोलून घ्या आणि जुने बंक आहेत तसेच वापरा.