डीन व्हायचंय? आधी बीटा समजून घे

फायनान्समध्ये पीएचडी करून बिझनेस स्कूलचा डीन व्हायचं म्हणतोस, छानच! फक्त क्रम उलटा धरू नकोस. रॉबर्ट हमाडांचं बघ. १९६६ साली ते शिकागो विद्यापीठात शिकवायला लागले आणि तिथल्या बिझनेस स्कूलचे डीन झाले १९९३ मध्ये. मध्ये तब्बल २७ वर्षं गेली. विद्यार्थ्यांना त्यांचं नाव माहीत आहे ते १९७२ च्या शोधनिबंधामुळे. कंपनीचं कर्ज वाढलं की शेअरचा बीटा (म्हणजे बाजाराच्या तुलनेत शेअर किती वर-खाली होतो, याचं माप) किती वाढतो, हे त्यांनी सूत्रात बसवलं. (डीनपदावर परीक्षेत प्रश्न येत नाही.)

तुझ्यासाठी सध्या एवढंच:

- गणित आणि संख्याशास्त्र पक्कं कर. नुसत्या एमबीएच्या जोरावर पीएचडी निभत नाही, बरेच जण इथेच अडकतात.
- मोदिग्लियानी-मिलर (कंपनीचं कर्ज आणि तिचं मूल्य यांच्या नात्याचा सिद्धांत) आणि कॅपएम (बीटावरून शेअरचा अपेक्षित परतावा काढायचं मॉडेल, CAPM) आधी वाच. हमाडांचं सूत्र या दोन्हींवर उभं आहे. नुसतं पाठ केलंस, तर कमी-जास्त कर्जाच्या कंपन्यांची तुलना करताना हमखास गोंधळशील.
- गाईड निवडताना विद्यापीठाच्या पाटीपेक्षा त्या माणसाचं काम बघ.

समित्या, देणग्या, रँकिंग हे नंतर बोलू. कॅपएममध्ये अडलास तर बिनधास्त विचार.