वाचकांचे प्रश्न : वाणिज्य शाखेतून एमबीबीएसकडे

प्रश्न : माझे वय २९ असून बारावी आणि पदवी मी वाणिज्य शाखेतून केली आहे. पुण्यातील एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात कॅशलेस विम्याचे दावे तयार करण्याचे काम करते. रोज रुग्णांच्या फायली आणि तपासण्यांचे अहवाल हाताळताना आपण डॉक्टर व्हावे, ही इच्छा बळावत गेली आहे. घरच्यांचा विरोध नाही, मात्र घराचे हप्ते चालू आहेत. एका क्लासने ‘नीट’च्या दोन वर्षांच्या तुकडीचे शुल्क आगाऊ भरण्यास सांगितले आहे. वय आड येईल का? नोकरी सोडून क्लास लावावा का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : वय आड येणार नाही. प्रवेशाच्या वर्षअखेरीस १७ वर्षे पूर्ण असावीत एवढीच अट आता उरली आहे. खुल्या प्रवर्गासाठी पूर्वी असलेली २५ वर्षांची कमाल मर्यादा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने काढून टाकली असून ती २०२२ पासून लागू नाही. ‘नीट’ किती वेळा द्यावी, यालाही बंधन नाही. तुमची अडचण बारावीची आहे, आणि शुल्क मागण्यापूर्वी क्लासने ती तुमच्या कानावर घालायला हवी होती. एमबीबीएससाठी बारावीच्या पातळीवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) आणि इंग्रजी हे विषय उत्तीर्ण असावे लागतात. बी.कॉम.च्या पदवीने यात काडीचीही सवलत मिळत नाही. तुमचे इंग्रजी झालेले आहे, उरलेले तिन्ही विषय नव्याने करावे लागतील.

सुदैवाने ही वाट आता मोकळी आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षे हे विषय सलग आणि नियमित शिकलेले असावेत, असा पूर्वीचा दंडक होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने सूचना काढून बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून ते उत्तीर्ण झालेल्यांनाही पात्र ठरवले. मुक्त विद्यालयाची बारावी चालत नाही, असे सांगणारे अजून भेटतात, परंतु तशी बंदी घालणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच घटनाबाह्य ठरवली होती. तेव्हा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, संपूर्ण बारावी न करता केवळ निवडक विषयांसाठी प्रवेश घेता येतो. तिचे प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. दुसरा मार्ग राज्य मंडळाचा. मंडळाच्या परीक्षेला ‘तुरळक विषय’ घेऊन बसणाऱ्यांचा वेगळा प्रकार असतो; त्यासाठी कोणते कनिष्ठ महाविद्यालय प्रात्यक्षिके करून घेईल, याची चौकशी आधी करावी.

प्रात्यक्षिकांना मी मुद्दाम महत्त्व देतो आहे. कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी स्वतः रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पेशीविभाजनाच्या अवस्था शोधणे हे काम क्लासच्या ध्वनिचित्रफिती पाहून येत नाही, आणि नोकरी करणाऱ्यांचे विषय राहतात ते बहुधा प्रयोगशाळेतील हजेरीपायी. राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून केलेली असावी लागत असल्याने अभ्यासकेंद्रही महाराष्ट्रातले, शक्यतो पुण्यातलेच निवडावे.

यावरून नोकरीच्या प्रश्नाचे उत्तरही निघते. तीन विषयांची गुणपत्रिका हाती येईपर्यंत नोकरी सोडू नये आणि क्लासला एक रुपयाही आगाऊ देऊ नये. हे विषय नोकरी सांभाळून उत्तीर्ण होता येतात. ‘नीट’ची तयारी मात्र वर्षभराचा पूर्ण वेळ मागते, आणि त्या एका वर्षाच्या हप्त्यांची तरतूद आतापासून बाजूला काढता येईल.

आता अभ्यासाविषयी. ‘नीट’च्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे आहेत, आणि ज्याला मजकूर बारकाईने वाचण्याची सवय आहे, त्याला ‘एनसीईआरटी’च्या पुस्तकांवरून ते साधते. तुम्हाला ती सवय कामामुळे आहेच. गुण जातील ते भौतिकशास्त्रात आणि भौतिक-रसायनात (फिजिकल केमिस्ट्री), तेही बहुधा गणित मागे पडल्यामुळे. तुमच्या फायलींमध्ये धमनीतील रक्तवायूंचा अहवाल, ज्याला वॉर्डात सगळे ‘एबीजी’ म्हणतात, तुम्ही अनेकदा लावला असेल. त्यात पीएच ७.४ ऐवजी ७.१ दिसला, तर आकड्यातील फरक जेमतेम ०.३ असतो, प्रत्यक्षात मात्र हायड्रोजन आयनांचे प्रमाण दुप्पट झालेले असते, कारण ही मोजणी लॉगॅरिदमची आहे आणि १० चा ०.३ वा घात सुमारे २ होतो. बारावीला वाणिज्यचे गणित घेतले असल्यास लॉगॅरिदम आणि अवकलन तुम्हाला परके वाटणार नाही. त्रिकोणमिती आणि सदिश (व्हेक्टर) मात्र नव्यानेच शिकावे लागतील, म्हणून पहिले दोन-तीन महिने बालभारतीची नववी-दहावीची गणित आणि विज्ञानाची पुस्तके निःसंकोच पुढ्यात घ्यावीत. परीक्षेच्या २०२५ पासूनच्या आराखड्यात १८० मिनिटांत १८० प्रश्न असून चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. जीवशास्त्राचे ९० प्रश्न पाऊण तासात संपले तरच भौतिकशास्त्राला श्वास घेता येतो.

स्पर्धेबद्दल आडपडदा ठेवणे योग्य नाही. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख उमेदवार परीक्षेला बसले आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात आहेत. म्हणजे पात्र ठरणे आणि जागा मिळणे यांत मोठे अंतर आहे. त्यातही पुण्यातील बहुतांश अभिमत विद्यापीठांचे शुल्क वर्षाला २० लाखांच्या पुढे असल्याने, घराचे हप्ते चालू असताना तुमचे लक्ष्य शासकीय जागा हेच असू शकते. मग ते ससूनचे बी. जे. असो वा जिल्ह्याचे एखादे नवे महाविद्यालय. सर्व सुरळीत झाले आणि ३१ व्या वर्षी प्रवेश मिळाला, तर साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षाची आंतरवासिता संपताना तुम्ही ३७ च्या उंबरठ्यावर असाल. शासकीय जागेला त्यापुढे एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे, ती टाळल्यास १० लाख रुपये भरावे लागतात. हा हिशेब घरच्यांसमोर कागदावर मांडावा. ‘विरोध नाही’ याचा अर्थ तेव्हा स्पष्ट होईल.

प्रश्न : मी २६ वर्षांचा संगणक अभियंता आहे. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित होते. वानवडीच्या ‘एएफएमसी’त (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात) प्रवेश मिळेल का?
— एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : नाही. तेथे प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची २४ वर्षे पूर्ण झालेली चालत नाहीत, शिवाय उमेदवार अविवाहित असावा लागतो. इतर महाविद्यालयांसाठी तुमचे काम पहिल्या पत्रलेखिकेपेक्षा पुष्कळ सोपे आहे, कारण तुम्हाला प्रात्यक्षिकासह जीवशास्त्र हा एकच अतिरिक्त विषय उत्तीर्ण करायचा आहे.